तहसीलातलं काम

दिग्रस,
४ मार्च २०२५

देवसिंग,

वर 'प्रिय' लिहिलं नाही, ते मुद्दाम. आणि फोन न करता पत्र लिहितोय, तेही मुद्दाम. फोनवर तुझा आवाज आला की माझ्या तोंडून शिवी जाईल, आणि शेजारपाजार ऐकेल. पत्रातली शिवी तेवढी तुझ्यापुरती राहते.

विमल जाऊन चार महिने होत आले. तिसऱ्या दिवशी तू माझ्या दारात येऊन उभा राहिलास, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मी तुझ्याकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं. नंतर कळलं की तू तांड्यावरच्या घराला कुलूप घालून यवतमाळजवळ लोहाऱ्याला पोराच्या, रोशनच्या क्वार्टरवर राहायला गेलास. बरं केलंस. इथं असतास तर टपरीवर रोज तुझं थोबाड पाहावं लागलं असतं.

हे पत्र आलं म्हणजे दार उघडलं, असं समजू नकोस. मला एकच गोष्ट विचारायची आहे. तिच्यापायी झोप लागत नाही, म्हणून विचारतो.

त्या दिवशी तुझी दाढ दुखत होती, म्हणून मी एकटाच अरुणावती नदीवर आपल्या डोहावर मासे धरायला गेलो. दुपारी इकडं विमलच्या छातीत कळ आली. शेजारच्या नंदाबाईंनी गाडी बोलावली आणि तिला घेऊन यवतमाळच्या दवाखान्यात निघाल्या. त्यांच्या रवीनं मला फोन लावून पाहिला. तिथं रेंज नाही हे तुला माहीतच आहे. मग तो पोरगा तुझ्याकडं टपरीवर आला आणि म्हणाला, काकूची तब्येत बिघडली, काका कुठं बसलेत? आणि तू सरळ तोंडानं सांगितलंस, "भगवान आज अडाणवर गेला बाप्पा, दारव्ह्याकडच्या पुलाखाली."

रवी अडाणच्या पुलाखाली मला हाका मारत होता. मी अरुणावतीच्या काठावर बसलो होतो. विमल यवतमाळच्या रस्त्यावर होती. संध्याकाळी मी पिशवीत मरळ घेऊन घरी आलो तर दाराला कुलूप. दवाखान्यात पोचलो तोवर तिच्या तोंडावर चादर ओढली होती.

आपल्या डोहाची खरी जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही, हा आपलाच नियम होता, कबूल. पण नियम तरी माणसांसाठीच असतो ना बे?

मला विचारायचं ते एवढंच: रवी विचारत होता तेव्हा तू त्याचा चेहरा पाहिलास की नाही?

भगवान


२३ मार्च

देवसिंग,

रोशनचा फोन आला होता. म्हणाला, बाबांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. रात्री जेवताना तेवढं म्हणाले, "त्याच्या तोंडाले रुमाल बांधला होता. मले डोळेच दिसले. आन मांगच्या वक्ती त्यानं जावई आले म्हून सांगतलं होतं न."

म्हणजे रुमाल. धुळीसाठी गाडीवाले बांधतात तो रुमाल. आता मी रुमालावर किती राग काढू, सांग.

जावयाचं मला आठवतं. रवीनं मोबाईल रिपेरिंगच्या दुकानातल्या कमाईतून ती गळाची चकचकीत काठी घेतली होती आणि वर्षभर आपल्या मागे लागला होता, काका एकदा जागा दाखवा. आपण दोघं पक्के बदमाश. मग त्यानं शक्कल काढली. मी एकटा डोहावर गेलो की तो तुझ्याकडे यायचा, "काकांच्या घरी जावई आले, कुठं आहेत काका?" पहिल्यांदा तू फसलास आणि मला बोलवायला निघालास, आणि हा पठ्ठ्या मोटारसायकलवर तुझ्या मागं मागं. अर्ध्या वाटेत तुला कळलं तेव्हा तू त्याला वीटभट्टीवर नेऊन सोडलंस आणि म्हणालास, "घे, हाच डोह हाय." दुसऱ्यांदा त्यानं माझा अपघात केला. माझ्या अपघाताची बातमी ऐकून तू पानाला चुना लावत बसलास, हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. मीही हसलो होतो.

तेव्हा तिसऱ्यांदा तो आला आणि तू लांडगा आला रे आला धरून बसलास, हे माझ्या डोक्याला पटतं. पोटाला पटत नाही.

आणि खरं सांगू का, मला राग येतो तो याचा, की हे लिहितानाही मला हसू आलं. आपण अख्खं आयुष्य एका गाडीवर काढलं, तू ड्रायव्हर, मी कंडक्टर, दिग्रस-पुसद, पुसद-दिग्रस. प्रत्येकाला विचारायचो, कुठं जायचं? खरं ठिकाण सांगितल्याशिवाय तिकीट नाही. आणि रिटायर झाल्यावर आपण धंदा कोणता काढला, तर लोकांना खोटं ठिकाण सांगायचा! डोहाचं नावच आपण 'तहसील' ठेवलं. "आज तहसीलात काम आहे" म्हटलं की अख्ख्या गावात एक माणूस 'मी पण येतो' म्हणत नाही. नागपूरवाले, अकोलेवाले टोप्या घालून गाड्या घेऊन आले की तू त्यांना डोहात मगर आहे म्हणून सांगायचास. ती मगर गावभर फिरली, पेपरात छापून आली, आणि दुसऱ्या दिवशी तूच गुडघाभर पाण्यात उतरेनास. मी म्हटलं, "अबे मगर तर आपुनच सोडली न?" तर म्हणतोस, "हो भिया, पन आता पेपरात आली न!"

विमलला ही गोष्ट मी सांगितली होती, जागेचं नाव गाळून. ती पोळी लाटता लाटता इतकी हसली की लाटणं बाजूला ठेवावं लागलं.

पुढं लिहवत नाही. थांबतो.

भगवान


१५ एप्रिल

देवसिंग,

काल मी एक काम केलं. तुला राग यावा म्हणून सांगतो.

टपरीवर नागपूरचे तिघे आले होते. भारी भारी काठ्या, रीळ, गॉगल. एकानं विचारलं, "काका, इकडं मरळ कुठं मिळते?" तुझं नाव डोक्यात आलं, आणि म्हटलं, करून टाकू एकदाचा निकाल. ज्या डोहासाठी हे सगळं झालं, तो तरी कशाला राखायचा? मी त्यांना खरी जागा सांगितली. अरुणावतीच्या कडेकडेनं वर जा, मोडका बंधारा लागेल, तिथून बैलगाडीची वाट, मग काळे खडक, खडकाखाली डोह. एक खूण गाळली नाही. शाळेत कविता म्हणतात तसं म्हणून दाखवलं.

तर टपरीवाला उकंडा त्यांना डोळा मारून म्हणतो, "कंडक्टर सायेब सांगून राह्यले न? मंग ते ठिकान सोडून कुठंबी जा, मासे भेटतीन."

सगळी टपरी हसायला लागली. मी ओरडलो, "अबे खरं सांगून राह्यलो मी, आईची शपथ!" तर ते आणखीनच हसले. नागपूरवाले माझ्याशी हात मिळवून, "काका, मान गये" म्हणून दारव्ह्याच्या रस्त्याला लागले. अडाणला गेले, समजलास? त्याच पुलाखाली.

घरी येऊन दार लावलं आणि रडलो. डोह वाचला म्हणून जीव खाली पडला, आणि जीव खाली पडला म्हणून स्वतःचीच चीड आली. मग एक गोष्ट मनात आली, ती कालपासून हटत नाही. मी छातीवर हात ठेवून खरं सांगतो तर गाव खोटं धरतं. मग तुझं खोटं रवीनं खरं कसं धरलं? त्या पोराला आपले सगळे डाव पाठ होते. तरी तो अडाणला गेला, कारण त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या दुखण्यात देवसिंगकाका खोटं बोलणार नाहीत. तुझ्यावर त्याचा तेवढा विश्वास होता. आता तो काठीला हात लावत नाही. दुकानात मान खाली घालून बसतो, आणि मी समोरून गेलो की स्क्रू शोधायला लागतो.

आज सकाळी डोहावर गेलो होतो. विमल गेल्यानंतर पहिल्यांदाच. पाणी खडकाच्या कमरेपर्यंत उतरलंय. वडाच्या बाजूला पाण्यावर लाल ठिपक्यांचा एक पुंजका हलत होता, मरळीची पिल्लं. खाली दोघं नरमादी फिरत होती, राखण करत. मी गळ घेऊन गेलो होतो. पिल्लांवरची मरळ धरायची नाही हा नियम मोडायचा, एवढ्यासाठीच गेलो होतो. गळाला बेडूक लावला, काठी उचलली आणि उभाच राहिलो. ती मादी पळून गेली नाही. पिल्लांच्या खालीच थांबली. मग मी बेडूक सोडून दिला आणि परत आलो.

आपण दोघांनी तिथं पाण्यात करंट सोडणाऱ्यांना पळवून लावलं, ब्लीचिंग टाकून मासे मारणाऱ्यांची गाडी पंक्चर केली, आणि आज त्या पाण्यात जीव आहे. एवढं सगळं राखलं आपण. घरचं माणूस राखता आलं नाही.

प्रेरणा नागपूरहून रोज फोन करते, बाबा जेवलात का. मी हो म्हणतो. खोटं सांगायची सवय आहेच.

भगवान


१ मे

देवसिंग,

हे पत्र नीट बसून वाच. रोशन घरी असेल तर त्याला जवळ बसव.

काल अक्षय तृतीया झाली. विमलच्या नावाची पहिली घागर भरली. प्रेरणाला रजा मिळाली नाही, म्हणून नंदाबाई स्वयंपाकाला आल्या. आमरस, पुरणपोळी, कढी, वडे, विमलला आवडायचं ते सगळं. पान वाढलं, घागरीवर खरबूज ठेवलं, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "त्या देवसिंगानं मारली माझ्या बायकोले." हे मी इतक्या वेळा म्हटलंय की आता भिंतींनाही पाठ झालं असेल.

नंदाबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. म्हणाल्या, "पुरे करा आता भगवानभाऊ. तेईनं नाही मारली. मी सांगत नव्हती, तिनं सांगू नोको म्हनलं होतं म्हून. पन आता माह्या रवीचं तोंड पाहवत नाही मले."

मग त्यांनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

विमल ओट्यावर बसली होती, घामानं चिंब. रवी मोटारसायकल काढत विचारत होता, काकू, काका कुठं गेले? विमल म्हणाली, "तहसीलात जातो म्हनत होते. देवसिंगभाऊजीले विचार." रवी गेला. तो गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाल्यावर नंदाबाईंकडं पाहून ती हसली. छातीत कळ असताना हसली, देवसिंग. म्हणाली, "भाऊजी काही खरं सांगत नाईत त्याले. मले मालूम हाय ना हे कुठं बसते. वडाखाली, काळ्या खडकाच्या डोहावर."

नंदाबाई म्हणाल्या, अवं मंग सांग ना, पोराले पाठवते.

तर म्हणाली, "कायले? आज पानी साफ असन. आपुन दोन घंट्यात वापस येतो, गॅस झाला असन मले. बसू दे त्याईले."

अरे, तिला जागा माहीत होती! कधीपासून, ते ऐक. एकदा मी डबा घरी विसरलो होतो. तू-मी रिटायर झालो त्याच्या पुढच्या वर्षी असेल. ती डबा घेऊन ऑटोनं बंधाऱ्यापर्यंत आली, तिथून चालत. माझ्या चपलेची माती ओळखून तिनं वाट काढली म्हणे. वडाच्या मागं आली तर आपण दोघं पाठमोरे बसलेलो. नंदाबाईंना सांगत होती, "दोघं पोरावानी खिदळून राह्यले होते वं. घरी कधी तसे हासले नाई ते. मले आवाज द्यायची हिंमतच झाली नाई. मंग मी तिथंच वडाच्या मांगं बसून डबा खाल्ला आन घरी आली."

आणि मला आठवलं. त्या दिवशी मी घरी येऊन कुरकुरलो होतो, दिवसभर उपाशी राहिलो म्हणून. तर चेहरा सुतकी करून म्हणाली होती, "काहून, तहसीलात कँटीन नव्हती काय?" मी मनात म्हटलं, बिचारी, हिला काहीच कळत नाही.

गाडीत बसताना तिनं नंदाबाईंचा हात धरून बजावलं, "मले जागा मालूम हाय हे त्याईले सांगू नोको. नाईतर जागा बदलतीन."

म्हणून त्या सहा महिने गप्प राहिल्या.

मी पानावरून उठलो नाही. उठायचं कुठं तेच कळेना. कढी तशीच राहिली. तुझ्यावर इतके दिवस राग धरला, तो हातातून असा निसटला की तोल गेला माझा. त्या रागावर मी उभा होतो रे. आता कोणावर रागवू? तिनं रवीला मुद्दाम तुझ्याकडं पाठवलं. तू खोटं बोलशील याची तिला खात्री होती, आणि तू बोललास. अख्ख्या दिग्रसात तिनं भरवसा टाकला तो तुझ्या खोट्यावर.

रवीला मी काल संध्याकाळीच सगळं सांगितलं. तो दुकानातल्या काउंटरवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

तुलाही हे कळायला हवं होतं. म्हणून लिहिलं. तुझ्या डोक्यावरचा बोजा उतरव आता.

भगवान


९ मे

देवसिंग,

रोशन सांगतो, पत्र वाचल्यापासून तू जेवत नाहीस. अरे, तुझी सुटका व्हावी म्हणून मी लिहिलं, आणि तू उपास धरून बसलास. तुझी याडी, आई तुझी, असती तर तुझ्या कानाखाली वाजवली असती तिनं.

मी कसा आहे ते कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. प्रेरणाला सांगितलं तर ती आई आठवून रडेल. रात्री पडल्या पडल्या मी नंदाबाईंचं बोलणं पुन्हा पुन्हा ऐकतो. लोक म्हणतील, केवढं प्रेम बायकोचं, मरतानाही नवऱ्याच्या सुखाचा विचार केला. मीही दोन दिवस तसंच धरून बसलो. मग कळलं की ते अर्धंच खरं आहे. प्रेम होतं, होतंच. पण सवयही होती. नोकरीत होतो तेव्हा मी गाडीवर, प्रेरणाच्या बाळंतपणात मी गाडीवर, रिटायर झालो तर मी डोहावर. कुठं आहे हे विचारायचं नाही, आणि कळलं तरी बोलवायचं नाही. हाक मारायची तिची सवयच गेली होती. छाती फुटत होती तरी तिला मला हाक मारणं सुचलं नाही, माझी गंमत सुचली. हे मला सहन होत नाही, देवसिंग. तू खोटं बोललास ते मी सहन केलं असतं, आज ना उद्या. हे होत नाही.

मी तिला तिकडं कधी नेणारच नव्हतो, असं नाही. चल एकदा, दाखवतो तुला जागा, असं दर वर्षी मनात यायचं. मग वाटायचं, बायका बोलतात, गावभर होईल. ती वडाच्या मागं बसून डबा खाऊन गेली आणि जन्मभर कोणाजवळ बोलली नाही. तुझ्या-माझ्यापेक्षा पक्की निघाली ती.

तुझ्यावर राग आहे की नाही, मला माहीत नाही. तू समोर आलास तर शिवी देईन हे नक्की. दारही कदाचित चटकन उघडणार नाही, कडी जाम झालीय, तिला तेल लागतं आणि ते ती घालायची. पण हे घर फार शांत झालंय. चहा दोन कप होतो आणि एक सांडावा लागतो.

तिला मला बोलावता आलं असतं, तिनं बोलावलं नाही. मला तिच्या वाटेनं जायचं नाही. मी बोलावतोय तुला. ये. सकाळच्या यवतमाळ-दिग्रस गाडीनं निघ, पुढच्या सीटवर बस आणि ड्रायव्हरला शिकवू नकोस. मी स्टँडवर उभा असेन.

तुझा,
भगवान